काळ्या जमिनीत गाडी जॅकवर घेताना

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही पिकअपमध्ये कापूस भरून वावरातून पांदणीनं डांबरी रस्त्याकडे निघालात, मागचं डावं चाक पंक्चर होऊन बसलं. गाडीतला स्क्रूचा जॅक लावला, चाक जमिनीवरून सुटेपर्यंत वर घेतलं, चाक काढलं आणि जॅक एका अंगाला कलत मातीत गेला. गाडी ब्रेकच्या ड्रमवर बसली. आता तुम्ही विचारता, याच्याऐवजी कोणता भारी जॅक घेऊ?

कुणाला लागलं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. पण भाऊ, जॅक बदलून हे संकट टळणार नाही. तुमच्या जागी कुणी दहा टनी जॅक लावला असता तर तोही तसाच कलला असता. खरा प्रश्न दोन ठिकाणी आहे. एक, जॅकखाली काय होतं. दुसरं, बाकीची तीन चाकं कशानं धरून ठेवली होती. जॅक कोणता हा प्रश्न त्यानंतर येतो. त्याचंही उत्तर देतो, पण शेवटी.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात रस्त्याच्या कडेला गॅरेज चालवतो, सत्तावीस वर्षं झाली. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू झाल्या की आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणाचा फोन येतो, "दादा, गाडी जॅकवरून घसरली." जवळजवळ दरवेळी जॅक धडधाकट असतो. एक आधीच सांगतो, गाडी कोणती, माल किती, जमीन वाळलेली की ओली, रस्त्याला उतार किती, यावर बऱ्याच गोष्टी बदलतात. मी तुमची पांदण पाहिलेली नाही. म्हणून नुसती कृती सांगत नाही, त्यामागचं कारणही सांगतो. जागेवर निर्णय तुम्हालाच घ्यायचा आहे.

आधी जमीन. आपली काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. पावसाळ्यात ती कुणाला फसवत नाही, कारण चिखल डोळ्यांना दिसतो. फसवते ती कापसाच्या दिवसांत. वरचा पापुद्रा वाळून टणक झालेला असतो, पायाला दगडासारखा लागतो. खाली वीतभर गेलं की ओल असते आणि मधून भेगा गेलेल्या असतात. जॅकचा पाया अशा भेगेच्या काठावर आला की एका बाजूची माती आधी ढासळते. मग जॅक सरळ खाली जात नाही, कलतो. तुमच्याकडे अगदी हेच झालं असणार.

थोडा हिशेब करून पाहा. भरलेल्या पिकअपच्या मागच्या एका चाकावर साधारण एक टन वजन सहज येतं. लहान जॅकचा पाया तळहाताएवढा, धरा 10 सेंटिमीटर बाय 12 सेंटिमीटर, म्हणजे 120 चौरस सेंटिमीटर. हजार किलोला 120 नं भागलं तर दर चौरस सेंटिमीटरवर आठ किलोच्या वर दाब येतो. आता त्याच जॅकखाली 40 बाय 30 सेंटिमीटरची जाड फळी टाका. जागा 1200 चौरस सेंटिमीटर झाली, दाब एक किलोच्याही खाली आला. जॅक तोच, गाडी तीच, फरक दहापट.

पण फळी म्हणजे मंत्र नव्हे. ओल्या मातीत माणूस उभा राहिला तर त्याच्या पावलाखाली चौरस सेंटिमीटरला पाव किलोसुद्धा दाब नसतो, तरी पाय घोट्यापर्यंत जातो. फळी टाकूनही जॅकचा दाब त्याच्या तिप्पट-चौपट राहतो. म्हणून माझी साधी परीक्षा अशी: चाक बदलायचं त्या जागेवर टाच जोरानं दाबून पाहा. टाच रुतली तर तिथं जॅक लावायचाच नाही, फळी असली तरी नाही. ट्रॅक्टर बोलवा, दोर बांधा, गाडी मुरमाच्या किंवा गिट्टीच्या जागेवर ओढून घ्या. ट्रॅक्टर मिळत नसेल तर बसलेल्या चाकावरच पहिल्या गिअरमध्ये पावलापावलानं शे-दोनशे मीटर पुढे न्या. टायर जाईल, ट्यूब तर जाईलच, कदाचित चाकाची लोखंडी डिस्कही वाकेल. ते सगळं दुकानात विकत मिळतं.

फळी कसली घ्यायची हेही सांगतो, कारण इथं लोक चुकतात. बाभळीची किंवा सागाची, दोन इंच जाड, गाठ किंवा चीर नसलेली. सुताराकडे बंडीच्या कामातला उरलेला तुकडा पडलेला असतो, तो उत्तम. वीट टाकू नका. सिमेंटचा पोकळ ब्लॉक तर अजिबात नको. वीट आणि ब्लॉक दाब सोसतात तोवर सोसतात, मग एका क्षणात फुटतात, आधी काही कळू देत नाहीत. लाकूड आधी करकरतं, दबतं, चिरतं. ते आवाज देतं आणि तेवढ्या वेळात माणूस मागे सरकू शकतो. गोट्यावर जॅक ठेवणारेही पाहिलेत. गोल दगडाला पोट असतं, त्यावर पाया बसतच नाही. फळी टाकायच्या आधी फावड्यानं किंवा पान्याच्या टोकानं ढेकळं काढून जागा सपाट करा आणि जॅक फळीच्या बरोबर मधोमध ठेवा, कडेला नाही. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावरही फळी लागते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडचं डांबर इतकं मऊ होतं की मोटारसायकलचा स्टँड आत जातो, मग टनभर वजन घेतलेला जॅक का नाही जाणार?

आता दुसरी गोष्ट, गाडी सरकणं. याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण हे ऐकलेलं माणूस मला फार कमी भेटतं.

बहुतेक जण म्हणतात, "हँडब्रेक ओढला होता, गिअरमध्येही होती, मग सरकली कशी?" तुमच्या पिकअपसारख्या गाडीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. गिअरमध्ये टाकलेली गाडी मागच्या दोन चाकांमुळेच थांबते. पण त्या दोन चाकांच्या मध्ये डिफ्रन्शियल असतं, आमच्या भाषेत गोळा. वळणावर आतलं चाक हळू आणि बाहेरचं जोरात फिरू द्यायचं, हे त्याचं काम. याचाच दुसरा अर्थ असा की मागचं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरतं आणि जमिनीवरच्या दुसऱ्या चाकाला गिअर धरून ठेवू शकत नाही. म्हणजे मागचं चाक उचललं त्याच क्षणी गिअरचा उपयोग संपला. उरला हँडब्रेक. तो बहुतेक पिकअपमध्ये मागच्या दोन्ही ड्रमवर वेगवेगळा लागतो, त्यामुळे जमिनीवरचं चाक धरतो, पण केबल ताणलेली असेल तरच. माझ्याकडे येणाऱ्या मालवाहू गाड्यांमध्ये निम्म्याहून जास्त गाड्यांची केबल ढिली असते. आणि काही जुन्या जीपमध्ये हँडब्रेक चाकावर नसतोच, गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो. तिथं एक मागचं चाक उचललं की गोळ्यातून हँडब्रेकही गेला. मग गाडीला थांबवणारं काहीच नाही.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. धंद्यात नवीन असताना एका पुलाजवळच्या उतारावर अशीच एक जुनी जीप मागच्या चाकाला जॅकवर घेतली होती. हँडब्रेक ओढलेला, गिअर पहिला. माझ्यासोबत सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता, नट काढत होता. चाक काढून बाजूला ठेवलं आणि पोरगा स्टेपनी आणायला उठला. तो दोन पावलं गेला असेल, जीप इंचभर पुढे सरली, जॅक आडवा झाला आणि ड्रम खडीवर आदळला. तो आवाज अजून कानात आहे. त्या पोराचे हात एका मिनिटापूर्वी तिथंच होते. आज तो पोरगा स्वतःचं गॅरेज चालवतो, पण त्या दिवसानंतर माझ्या हातून चाकांना दगड न लावता एकही गाडी वर गेली नाही.

तर चाकांना दगड लावणं हाच तुमचा खरा ब्रेक. मागचं चाक उचलायचं असेल तर पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, असे चार दगड लावा. पुढचं चाक उचलायचं असेल तर मागच्या दोन्हींना. सपाट जागेवरही लावा, कारण चाक वर जाताना गाडी मागेपुढे ढकलली जातेच. दगड चाकाच्या उंचीच्या चौथ्या हिश्शाएवढा तरी हवा, टोकदार बाजू चाकाखाली घुसेल असा. लहान गोटा चाकाबरोबर लोळत जातो. माझ्याकडे येणाऱ्यांना मी बाभळीचे तिरपे कापलेले चार ठोकळे करून घ्यायला सांगतो. सीटमागे जागा फारशी लागत नाही आणि रात्री दगड शोधत फिरावं लागत नाही.

आता जॅक लावणं. कापूस भरलेली गाडी असेल तर वर बसलेल्या बाया-माणसांना आधी खाली उतरवा, सगळ्यांना, पोरांनाही. उंच रचलेला कापूस वजनानं हलका वाटतो, पण त्याचा भार वरच्या बाजूला असतो आणि गाडी एका बाजूनं उचलली की तो डोलतो. जमलं तर पंक्चर झालेल्या बाजूच्या वरच्या काही गाठोड्या उतरवून घ्या. अर्धा तास जातो, पण जॅकवरचा भार खरंच कमी होतो.

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा-अर्धा आटा ढिले करा. चाक हवेत असताना पान्याला जोर लावला की गाडीलाच हिसका बसतो, आणि जॅकला सगळ्यात जास्त धोका आडव्या हिसक्याचा असतो. नट गंजून बसले असतील तर हे काम जास्तच महत्त्वाचं.

पिकअपसारख्या पाट्यांच्या, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या गाडीत मागे जॅक चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला लावू नका, अॅक्सलला, म्हणजे दोन चाकांमधल्या आडव्या दांड्याला लावा. चेसिसला लावला तर पाटे सैल होऊन लोंबतात आणि चाक सुटायला गाडी खूप वर न्यावी लागते. जितकी वर, तितकी डळमळीत. अॅक्सलखाली, पाटे बांधलेल्या यू-बोल्टजवळ लावला तर थोडंसं उचललं तरी चाक सुटतं. गोळ्याखाली मधोमध लावायचा मोह टाळा, तिथं गाडी दोन्ही बाजूंना झुलते. कारचं वेगळं आहे. तिच्या दाराखालच्या कडेला दोन खाचा असतात, त्यांच्या मधोमध जॅकचं डोकं बसलं पाहिजे. दुसरीकडे लावला तर पत्रा चेपतो आणि जॅक निसटतो.

कारसोबत येणारा कात्रीसारखा जॅक असतो ना, त्याची एक खोड लक्षात ठेवा. तो पूर्ण खाली असताना त्याचे हात जवळजवळ आडवे झालेले असतात. अशा वेळी स्क्रूवर गाडीच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. हात जमिनीशी 15 अंशांवर असतील तर स्क्रूवर वजनाच्या पावणेचार पट ओढ येते, 45 अंशांवर आला की ती वजनाएवढीच राहते. म्हणून सुरुवातीला दांडा जड फिरतो आणि तिथंच आटे झिजतात. खाली जाड फळी असली की जॅक मुळातच थोडा उघडलेला लागतो, म्हणजे फळीचा हा दुसरा फायदा झाला. आणि पूर्ण वर, शेवटच्या टोकापर्यंत कधी नेऊ नका. तिथं तो उंच आणि अरुंद होतो.

गाडी वर जाताना ती पलीकडच्या चाकांवर कलते, त्यामुळे जॅकचं डोकं किंचित आतल्या बाजूला ओढलं जातं. दोन-तीन फेरे देऊन थांबा, मागे सरका आणि दोन बाजूंनी पाहा. जॅक ताठ उभा दिसला तरच पुढे. कलता दिसला तर पूर्ण खाली घ्या, नव्यानं लावा. वर असलेल्या जॅकला लाथ मारून किंवा हातोडी ठोकून सरळ करणारे लोक मी पाहिलेत. असं कुणी करताना दिसलं तर हात धरून थांबवा.

चाक जमिनीपासून बोटभर सुटलं की थोडं आणखी वर घ्या, कारण हवा भरलेली स्टेपनी बसलेल्या चाकापेक्षा मोठी असते. त्यापेक्षा वर नको. या वेळी स्टेपनी आडवी करून अॅक्सलच्या आतल्या बाजूला, चेसिसखाली सरकवा. सरकवताना हात फक्त टायरच्या बाहेरच्या कडेला ठेवा आणि डोकं बाहेर. जॅक निसटला तर गाडी त्या चाकावर बसेल, जमिनीवर नाही. पंक्चर चाक निघालं की ते तिथं ठेवून स्टेपनी बाहेर काढा. ही सवय एकदा लागली की सुटत नाही.

इथवरचा क्रम एकदा ध्यानात ठेवा: घट्ट जागा, माणसं खाली, दगड, नट ढिले, फळी, जॅक, दोन फेरे आणि नजर, मग स्टेपनी खाली.

जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. नट पडला, सायलेन्सर पाहायचा आहे, केबल ओढून पाहायची आहे, कुठलंही कारण असो. जॅक उचलायला बनवलेला आहे, धरून ठेवायला नाही. खाली जायचंच असेल तर आधी स्टँड लावावे लागतात, आम्ही त्याला घोडी म्हणतो, आणि वजन जॅकवरून काढून घोडीवर सोडावं लागतं. हे काम गॅरेजच्या सिमेंटच्या फरशीवरच करायचं असतं, पांदणीत नाही. ट्रॉलीचंही तसंच. माल ओतायला उचललेली ट्रॉली हायड्रॉलिकच्या भरवशावर सोडून खाली वाकणारे कास्तकार पाहिले की मला राहवत नाही, ओरडून बाहेर काढतो. पाइप फुटला तर ट्रॉली खाली यायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. भरलेल्या पिकअपसाठी मी पाच टनी बाटलीचा हायड्रॉलिक जॅक, म्हणजे तेलाच्या दाबावर उचलणारा बाटलीच्या आकाराचा जॅक, घ्यायला सांगेन. तो कमी कष्टात उचलतो. पण घेण्याआधी घरी एक काम करा: मागच्या चाकाची हवा सोडा आणि अॅक्सलखाली किती जागा उरते ते टेपनं मोजा. दुकानात जॅक पूर्ण बंद करून त्याची उंची पाहा, फळीची उंची त्यात धरा. हवा भरलेल्या चाकावर मोजलेला जॅक पंक्चर झाल्यावर खाली शिरतच नाही, आणि हे लोकांना रात्री रस्त्यावर कळतं. शिरत नसेल तर एक उपाय आहे, बसलेलं चाक दुसऱ्या एका फळीवर चढवून घ्यायचं, अॅक्सल दोन-तीन इंच वर येतो. हायड्रॉलिकची वाईट गोष्ट म्हणजे आतलं रबर झिजलं की तो हळूहळू बसतो. तेलाचा ओघळ दिसला की दुरुस्त करा. स्क्रूचा जॅक मात्र आपणहून खाली येत नाही, त्याच्या आट्यांतलं घर्षणच त्याला धरून ठेवतं. म्हणून जुना टाकू नका, गाडीत राहू द्या. फक्त त्याचे आटे पाहा. चाकूच्या पात्यासारखे धारदार झाले असतील, हात वाकला असेल किंवा रिव्हेट हलत असतील तर भंगारात द्या. वाकलेला हात ठोकून सरळ करून वापरू नका.

नवीन चाक बसवताना नटाची निमुळती बाजू आत हवी. बोल्टला तेल-ग्रीस लावू नका. नट आधी हातानं बसवा, मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळा, गाडी खाली घेऊन शेवटचा आवळ द्या. 40 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर 25 किलोचा जोर म्हणजे लहान कारला पुरेसं होतं. पिकअपला जास्त लागतो, तिचा आकडा गाडीच्या पुस्तकात पाहून घ्या. पान्यावर उभं राहून उड्या मारल्या की बोल्ट ताणले जातात आणि पुढच्या खेपेला तुटतात. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासायचे असतात. तुम्ही हिंगणघाटच्या मार्केटात माल नेत असाल तर तिथं गाड्यांची रांग लागलेली असतेच, त्या वेळात खाली उतरून पाना फिरवून घ्या.

आणि निघताना लावलेले दगड मोजून उचला, रस्त्याच्या पलीकडे धुऱ्यावर टाका. गाडी बंद पडलीय हे येणाऱ्यांना कळावं म्हणून रस्त्यावर पळसाच्या फांद्या ठेवल्या असतील तर त्याही. अंधारात मोटारसायकलवर येणाऱ्याला रस्त्यात पडलेला दगड दिसत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या गावाजवळ एक जण असाच पडला, त्याचा पाय अजून सरळ झालेला नाही.